उडी न मारता

बेकरीत रोज पीठ मळून मळून तिची मनगटं दणकट झाली होती. अडत होतं ते कमरेखाली. व्यायामशाळेतल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "उडी न मारता हातांवर उभं राहायचंय ना? मग पाय फाकवून बसल्यावर छाती जमिनीला टेकली पाहिजे."

छाती काही टेकेना. तेव्हा सर घामेजल्या बनियनसकट तिच्या पाठीवर चक्क बसले. तिचं नाक मॅटमध्ये रुतलं. शंभर जणांच्या तळपायांचा आंबूस वास. "थांबा सर, दुखतंय," ती म्हणाली. सर वर बसून फोनवर गप्पा हाणत होते. मग मांडीच्या मागे, पार वरच्या टोकाला, फट्‌कन आवाज झाला.

"सुटली बघ गाठ!" सर खदखदून हसले.

गाठ कसली, स्नायू फाटला होता. मांडी काळीनिळी पडली. दोन महिने ती धड बसू शकली नाही. पण दुखण्यापेक्षा किळसच जास्त छळायची. पाठीवरचा तो ओला भार, ते हसणं. आणि उठल्यावर आपण त्या माणसाला "थँक्यू सर" म्हणालो, हे आठवलं की अंगावर पाल पडल्यागत व्हायचं. स्वतःचीच शिसारी यायची.

तिला तिथे नेणारी धाकटी नणंद म्हणाली, "सर कडक आहेत गं वहिनी, पण मनाने वाईट नाहीत. तूच जरा नाजूक."

मांडी बरी झाल्यावर ती दुपारी पिठाच्या कोठीतच सराव करू लागली. पाय फाकवून पुढे झुकायचं, दुखायच्या आत थांबायचं. पाय ठोकळ्यावर, तळवे जमिनीवर. खांदे हातांच्या पुढे नेत कंबर वर काढायची. पोटात गोळे यायचे. आठ महिन्यांनी एका दुपारी पावलं अलगद सुटली आणि बाजूंनी फिरत वर गेली.

नणंदेने कौतुकाने सरांच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी सर बेकरीत हजर. गिऱ्हाइकांसमोर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे पाय मोकळे केले कुणी? एक व्हिडिओ करू, व्यायामशाळेच्या जाहिरातीला."

तळवाही तसाच ओला.

"हात काढा," ती म्हणाली. "मी थांबा म्हणत होते, तुम्ही उठला नाहीत. माझं मांस फाटलं आणि तुम्ही हसलात."

"गंमत करतेय," सर गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाले आणि पाव न घेताच सटकले.

गल्ल्यावर बसलेली नणंद हळूच म्हणाली, "तू थांबा म्हणाली होतीस?"

"तू शेजारीच होतीस."

नणंदेने मान खाली घातली. नणंद पुन्हा त्या व्यायामशाळेत गेली नाही. शाळा मात्र चालूच राहिली. आठवड्याभरात तिची जागा भरली. ते कळलं तेव्हा वहिनी मळलेल्या पिठाचे गोळे तोडत होती. तोंडात आलेली थुंकी तिने मोरीत थुंकली, हात पुन्हा साबणाने धुतले आणि पुढचा गोळा घेतला.