एकतीस नंबरचे लाल बूट

"टाच मागे टेकव. हां, अशी. आता सरळ उभी राहा बघू." ठकीने लाकडी मापपट्टीवरचा ठोकळा त्या मुलीच्या अंगठ्यापर्यंत सरकवला. "तेहतीस."

"बत्तीसच द्या," मुलीची आई म्हणाली. "शनिवारी नाचाची स्पर्धा आहे. मोठे बूट बेंगरूळ दिसतात हो."

ठकी उत्तर देऊ लागली, तोच आरशाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. हे ठकीचे वडील. ठकीच्या लहानपणच्या टीव्ही मालिकेत सहा वर्षं कॅमेऱ्यामागे उभं राहून त्यांनी तिचा शब्द न् शब्द असा तोंडातल्या तोंडात म्हटला होता. मालिका बंद पडून तेवीस वर्षं झाली. तोंड मात्र चालूच होतं.

ठकी हे मालिकेतलं नाव. खरं नाव कागदोपत्री होतं, आणि तिथेच राहिलं. चपलांच्या या दुकानात नोकरीला लागून तिला चौदा वर्षं झाली होती. तरी एखादं गिऱ्हाईक अजून तिच्याकडे निरखून बघे, आणि मग हमखास फर्माईश होई, "ते म्हणा ना एकदा!"

ते म्हणजे, 'मी नाही हं मोथी होनाल!' हे वाक्य ती आठव्या वर्षी बोबडं बोलली तेव्हा लोक खरोखर हसले. तेराव्या वर्षीही बोबडंच बोलली, तेव्हा हसायचं काम वडिलांनी अंगावर घेतलं.

वडील आधी एका गोदामात कारकून होते. "पोरीसाठी नोकरीला लाथ मारली," असं ते सांगत. लाथ मारली गेली होती हे खरं. मारणारे साहेब होते, एवढंच. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, त्याग. तोही दुसऱ्याच्या पायांनी.

आज ते दुकानात आले होते ते वाहिनीवरच्या बाईंना घेऊन. 'एकेकाळचे लाडके' अशा कसल्याशा कार्यक्रमासाठी त्यांना ठकी हवी होती. बाई दाराशी फोनवर बोलत होत्या, तेवढ्यात वडिलांनी उरकून घेतलं.

"रविवारी यायचंय तुला. मी हो सांगून बसलोय."

"मला विचारलंत?"

"आठ वर्षांची होतीस तेव्हा विचारत होतो? काही बिघडलं का?"

काय बिघडलं ते ठकीच्या बंद बुटात होतं. दोन्ही पायांची बोटं आत वळलेली, एकावर एक चढलेली. पाय दाबून ठेवले की उंचीला चाप बसतो, असा वडिलांचा एक शोध होता. कुठल्या डॉक्टरने सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती. पोरगी वाढत गेली. बूट वाढले नाहीत.

वडिलांनी पिशवीतून तेच बूट काढून काउंटरवर ठेवले. लाल, पट्ट्याचे, पॉलिश केलेले. "जपून ठेवलेत. रविवारी हातात धरून उभी राहा. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघ."

"अय्या, तेच हे बूट!" बाई आत येत म्हणाल्या. "ताई, कसे होते हो ते दिवस?"

"फार आनंदाचे," वडील म्हणाले.

"शूटिंगचा कंटाळा नाही यायचा?"

"छे! हिलाच घरी करमायचं नाही."

"काका, जरा ताईंना बोलू द्या ना."

"बोल की गं," वडिलांनी परवानगी दिली. आणि त्यांचे ओठ हलू लागले. फार... आनंदाचे...

ठकीने त्या ओठांकडे पाहिलं. मग लाल बूट उचलला, तळ वर केला, आणि गिऱ्हाइकाला दाखवावा तसा बाईंपुढे धरला.

"नंबर वाचा."

"एकतीस."

"शेवटच्या वर्षी माझा पाय चौतीस होता. दिवसाला दहा तास. मला तेवढंच आठवतं."

वडिलांचे ओठ थांबले. पहिल्यांदाच. हा संवाद त्यांना पाठ नव्हता.

"अहो, गंमत करते ती!" ते घाईने म्हणाले. "लहानपणापासून नाटकी."

"रविवारी मी येणार नाही," ठकी म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. हातचा कार्यक्रम जातोय, हे म्हाताऱ्याला बरोबर कळलं. ते स्टुलावरून उठले, लाल बूट छातीशी धरले, मान तिरकी केली, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी, भर दुकानात, डोळे मिचकावत म्हणाले, "मी नाही हं मोथी होनाल!"

नवी कवळी नीट बसली नव्हती, त्यामुळे बोबडेपणा अस्सल उतरला.

दुकानात कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचे डोळे चमकले. "काका, किती गोड! एक मिनिट हं, मोबाइल काढते. परत म्हणा."

वडिलांनी परत म्हटलं. मग उजेड कमी पडला म्हणून आणखी एकदा. केसांवरून हात फिरवत त्यांनी स्वतःच विचारलं, "बूट जरा वर धरू का?" आपली मुलगी कुठे आहे, हे बघायला त्यांची मान एकदाही वळली नाही. इतकी वर्षं एक पोरगी उगाच मध्ये उभी होती.

ठकी पुन्हा मापपट्टीपाशी खाली बसली होती. बत्तीस नंबरचा बूट त्या मुलीच्या पायात होता.

"बसलाय की छान," आई म्हणाली.

ठकीने अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं. "आत बोटं हलव गं जरा."

मुलीने आईकडे पाहिलं.

"तिकडे नको बघूस. पाय तुझा आहे. हलतात?"

मुलीने हळूच मान हलवली. नाही.

आरशापाशी चौथ्यांदा 'मोथी होनाल' झालं. ठकीने मुलीच्या पायातला बूट काढला, दबलेली बोटं तळहातावर घेऊन एकेक मोकळं केलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"थांब, मोठा आणते," ती म्हणाली, आणि जरा लंगडत आतल्या खोलीत गेली.