पिवळ्या पट्टीचं ओगराळं

मला हसू आवरत नाही, हा माझा जुना रोग. एम.ए.ला विकासाचं अर्थशास्त्र घेऊन दारिद्र्याच्या व्याख्येवर फिस्सकन हसणारी अख्ख्या लातुरात मी एकटीच असेन. म्हणून तर शेषेराव सरांनी प्रबंधासाठी माझी जोडी बिलकीसशी लावली. बिलकीस गंभीर. निदान तेव्हा होती.

विषय साधा होता. लोक माठात पेला बुडवतात, पेल्याबरोबर बोटं बुडतात आणि पोरांना हगवण लागते. चाकूरकडच्या एका गावात आम्ही दिवाळीनंतर घरोघरी लांब दांड्याचं स्टीलचं ओगराळं दिलं. शिरूर अनंतपाळकडच्या दुसऱ्या गावात मुद्दाम काहीच दिलं नाही. हे तुलनेचं गाव. पुढे दोन्हीकडची हगवण मोजायची आणि फरक दाखवायचा. आपली ओगराळी ओळखू यावीत म्हणून बिलकीसनं प्रत्येक दांड्याला पिवळी चिकटपट्टी गुंडाळली होती.

"तुलनेच्या गावाला ओगराळ्याचा वारासुद्धा लागू देऊ नका," सरांनी बजावलं होतं. "ते बिघडलं की प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला की वर्ष गेलं."

रथसप्तमीच्या आधी आम्ही तुलनेच्या गावात पोचलो, तर गुरम्मा मावशींकडे हळदीकुंकू रंगलेलं.

"बसा की ग पोरींनो! तिळगूळ खावा, मग ईचारा काय ते."

"मावशी, आमची लग्नं नाही झाली अजून."

"न्हाई तर न्हाई. पानी तर पिता न्हवं?" म्हणत त्यांनी आमच्या हातात वाण ठेवलं. लांब दांड्याचं स्टीलचं ओगराळं. दांड्याला पिवळी पट्टी.

बिलकीसचा चेहरा पांढराफटक पडला. "हे कुठून आलं, मावशी?"

"माझ्या भावजयीनं वाण दिलं की, चाकूरकडं. लई कामाचं हाय. म्हनून यंदा मी बी तेच वाटायलेय."

"आणि ही पट्टी?"

"ती मीच गुंडाळली बसून. पट्टी नसली तर पानी बाधतंय म्हनं."

मला हसू फुटलंच. खोलीतल्या निम्म्या बायकांचं माहेर चाकूरकडचं निघालं. आम्ही दोन्ही गावांचा पाऊस ताडून पाहिला होता, पीक, शाळा, रस्ता सगळं पाहिलं होतं. सोयरीक कुठे कुठे झालीय, हे विचारायचंच राहिलं. कुणाकडे पाहुणा आला की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच, आणि आम्ही शिकलेल्या दोघी नेमका तोच विसरलो.

परतीच्या एसटीत बिलकीस माझ्यावर खेकसली, "हसती काय ग? साल गया अपना!" मग तीही हसायला लागली. हसता हसता रडली. मग मीही रडले, कारण वर्ष खरंच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीच माझ्या दारात उभी. "चल. कुणी कुणाला दिलं, ते तरी विचारू."

आम्ही घराघरात फिरलो. नणंद, जाऊ, मावसबहीण अशा रेघा ओढत बिलकीसनं नकाशा काढला. हगवणीचा फरक दाखवता येणार नव्हता. ओगराळं कसं पसरलं, एवढंच आमच्या हातात होतं.

तोंडी परीक्षेला नांदेडहून परीक्षक म्हणून प्रेमला मॅडम आल्या. त्यांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला.

"म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही?"

"नाही, मॅडम." जन्मात पहिल्यांदा मला हसू येत नव्हतं.

"आणि हा नकाशाही चुकलाय."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"हदगाव कुठंय यात?"

"हदगाव?" बिलकीस चाचरली. "ते तर पार नांदेडच्या पलीकडे..."

"माझी जाऊ असते तिथं. यंदा तिनं मला हेच वाण दिलं. मी ती पिवळी पट्टी सोलायला गेले, तर केवढी ओरडली माझ्यावर!"

या वेळी आधी बिलकीस हसली, तेही टेबलावर डोकं टेकून. मॅडमनी तिला हसू दिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"हदगाव घाला आणि आणा इकडं. सही करते."