सूर समिती

ते वृत्तकेंद्र लोकांचं होतं, लोकांनीच चालवलेलं, नफ्याच्या वाऱ्यालाही उभं न राहणारं. तसं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंच होतं, आणि कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून स्वच्छतागृहाच्या दारावरही लिहिलं होतं. गावातले दोनेक हजार सभासद वर्गणी भरून ते चालवत. मालक नाही, जाहिराती नाहीत, कुणाचा दबाव नाही. दबावाशिवाय करमेना, म्हणून की काय, त्यांनी एक समिती नेमली.

तिचं नाव सूर समिती. कुणाच्या मनाला लागेल अशी बातमी असली, की प्रसिद्ध करण्याआधी ती पाच सभासदांनी वाचायची आणि तिचा सूर बरोबर आहे की नाही ते सांगायचं. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, एक दातांचे डॉक्टर, लोकांच्या बागा आखून देणाऱ्या एक बाई, आणि आणखी दोघे, जे कधी बोलत नसत पण मान फार समजूतदारपणे हलवत. केंद्रातली बातमीदार, जिला सगळे ताई म्हणत, ती मनातल्या मनात त्यांना गवईमंडळी म्हणायची. ताईने बावीस वर्षं एका दैनिकात काढली होती. ते बंद पडलं. तिथला संपादक तोंडाचा फटकळ होता, बातमीची चिरफाड करायचा, पण त्याच दिवशी छापायचा.

मंगळवारी सकाळी नगरपालिकेची कागदपत्रं चाळताना अकराव्या पानावर तिला 'यंत्रसामग्रीचे स्थलांतर' असा एक गुळगुळीत मथळा दिसला. आत वाचलं तर नगरपालिकेच्या दवाखान्यातला डायलिसिस विभाग बंद करून साठ किलोमीटरवरच्या रुग्णालयात हलवणार होते. हरकती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पन्नास लेखी हरकती आल्या तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, नाहीतर ठराव मंजूर. त्या विभागात आठवड्यातून तीनदा हात पुढे करून पडून राहणारी बासष्ट माणसं होती. त्यांतली एक ताईची सख्खी मावशी.

दुपारी दोनला बातमी लिहून तयार. केंद्राच्या संचालिकेने ती वाचली, तिचे डोळे पाणावले, यासाठीच तर आपण आहोत असं ती म्हणाली, आणि तिने बातमी ताबडतोब सूर समितीकडे धाडली.

समिती बुधवारी बसली. मुख्याध्यापकांना 'बंद' हा शब्द कठोर वाटला. डॉक्टरांनी नगरपालिकेचीही काही अडचण असेल, ती सहानुभूतीने मांडावी असं सुचवलं. बागवाल्या बाईंचं मन खिन्न झालं होतं. यात आशा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. आशा शुक्रवारी पाचपर्यंत आहे, असं ताईने सांगितलं. वाक्य छान आहे म्हणून संचालिकेने ते वहीत उतरवून घेतलं.

गुरुवारी ताईने आशा घालून बातमी पुन्हा लिहिली. दुसरी बैठक मात्र झाली नाही, कारण डॉक्टरांकडे कुणाची तरी अक्कलदाढ होती. शुक्रवारी सकाळी ती संचालिकेच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"आज गेली नाही तर तिचा काही उपयोग नाही," ती म्हणाली.

"आपण घाई करत नाही, म्हणून तर लोकांचा आपल्यावर विश्वास आहे," संचालिका म्हणाली. मग तिने नियमाची आठवण करून दिली: प्रसिद्ध होईपर्यंत बातमीतलं अवाक्षर बाहेर जाता कामा नये, घरीसुद्धा.

बातमी प्रसिद्ध करायचं बटण ताईच्या संगणकावरही होतं. ती दिवसभर त्याच्यासमोर बसली. पाच वाजून गेल्यावर उठली आणि कप धुऊन ठेवला.

बातमी शनिवारी सकाळी आली. सूर उत्तम होता. मथळा होता 'डायलिसिस विभाग बदलाच्या उंबरठ्यावर', आणि शेजारी हसऱ्या नर्सचा फोटो. सभासदांनी खाली अभिनंदनाचा पाऊस पाडला. हरकती आल्या होत्या सात.

दुपारी ताई मावशीकडे गेली. मावशी पहिल्या दिवसापासूनची सभासद. भाची तिथे आहे म्हटल्यावर आपल्याला सगळं आधी कळेल, असं ती शेजारपाजारी सांगत फिरायची. आज बातमी वाचून चष्मा कपाळावर सरकवून ती खुर्चीत बसली होती.

"चांगलं लिहिलंयस," मावशी म्हणाली. "हरकतींची मुदत काल होती म्हणे. तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

मग ताईने समिती, सूर, आशा, अक्कलदाढ सगळं सांगितलं. आवाज चढवून, एकेकाची नक्कल करून सांगितलं. एरवी मावशी पोट धरून हसली असती. आज तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बातमी त्यांच्याकडे होती, कळलं," ती म्हणाली. "फोन तर तुझ्याकडेच होता ना?"

हे सुचलं नव्हतं, असं ताईला म्हणता आलं असतं. पण ते मंगळवारीच सुचलं होतं. तिने मावशीचा नंबर काढलाही होता, आणि नियम आठवून फोन पुन्हा ठेवून दिला होता. त्या क्षणी स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं तिला.