बाजूच्या सीटचा ब्रेक

ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी त्या आठवड्यात जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या एकोणतीस वर्षांत त्यांच्या रखडणाऱ्या गाडीमागे अडकलेल्यांनीही दिल्या नव्हत्या.

निमित्त होतं लेकीच्या सिनेमाचं. लेकीनं मित्रमैत्रिणींना हाताशी धरून, क्लासचीच जुनी गाडी वापरून, एका मुलीच्या मोठं होण्याचा सिनेमा अठरा दिवसांत उरकला होता. थिएटरवाल्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून तो इंटरनेटवर टाकला, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. सिनेमातली मुलगी म्हणजे लेक आणि बाप म्हणजे मास्तर, हे ओळखायला ओळखीतल्या कुणाला चष्मा लागला नाही.

सगळ्यात गाजला तो उताराचा प्रसंग. पोर पहिल्यांदाच वळणावळणाच्या उतारावरून गाडी खाली आणते, घामाघूम होते, आणि शेजारी बसलेला बाप आपला खिडकीबाहेर बघतोय. चकार शब्द नाही. खाली पोचल्यावर पोर एकदम हसते आणि रडतेही. तेव्हा बाप म्हणतो, "इंडिकेटर बंद कर."

झालं! लोकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. ‘हा बाप आहे की दगड?’ ‘पोरीचा जीव चाललाय आणि याला काडीचं सोयरसुतक नाही!’ कुणीतरी ‘दगडबाप’ असं नाव ठेवलं आणि ते चिकटलंच.

मास्तरांनी आधी हसण्यावारी नेलं. दोन शिकवण्यांच्या मधे घरी चहाला आले की मोबाइल नाकाशी धरून ते एकेक शेरा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली. "लोकांना तुम्ही आज कळलात. मी तीस वर्षं हेच सांगतेय."

पण एक ओळ जिव्हारी लागली. शिवी नाही, काही नाही. कुणीतरी शांतपणे लिहिलं होतं, ‘पोटच्या पोरीला असं आठवतंय, म्हणजे असंच असणार.’

आता यातली गोम अशी की कॅमेऱ्याला कमरेच्या वरचंच दिसत होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. लेकीनं प्रत्यक्षात पहिल्यांदा गाडी उतरवली त्या दिवशी, सबंध उतारभर मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकच्या बोटभर वर अधांतरी होता. पोटरीत असा गोळा आला की पुढचे दोन दिवस ते लंगडत होते. आणि खिडकीबाहेर बघणं ही तर त्यांची शिकवायची रीत. कुणी टक लावून बघतंय म्हटलं की शिकणाऱ्याचे हात कापतात.

हे लेकीला ठाऊकच नसेल तर? तिच्या लेखी आपण खरंच दगड असू तर? मास्तरांचा चहा गोड लागेना. तिला विचारायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी खोट्या नावानं खुलासा लिहायला घेतला: ‘सदर प्रसंगी वडिलांचा उजवा पाय...’ दीडशे शब्द झाले, पण पाठवायला बोट धजेना.

रविवारी लेक घरी आली. "चला बाबा, चक्कर मारून येऊ," म्हणाली आणि क्लासच्या गाडीत चालवायला बसली. गेली थेट त्याच उतारावर. मास्तर सवयीनं खिडकीबाहेर बघू लागले.

"बाबा, पाय काढा."

"कुठला पाय?"

"तोच. ब्रेकवरचा."

मास्तर चपापले. "तुला कसं कळलं?"

"गुडघा वर येतो तुमचा. पहिल्या दिवसापासून दिसतोय. चेहऱ्याचं नाटक जमतं हो तुम्हाला, गुडघ्याचं नाही जमत."

"मग सिनेमात का नाही दाखवलास?" बोलायचं नव्हतं ते निघालंच. "लोक मला दगड म्हणतायत गं!"

लेकीनं गाडी कडेला घेतली.

"दाखवणार होते. शूटसुद्धा केला होता. मग वाटलं, गाडी माझी मीच उतरवली असं मला वाटावं म्हणून तुम्ही दोन दिवस लंगडत फिरलात, पण बोलला नाहीत. आणि मी तो पाय चव्हाट्यावर आणू?" ती जरा थांबली. "भीती वाटतच होती त्या दिवशी. तुमचा गुडघा दिसला की मी पुढचं वळण घ्यायचे."

मास्तरांना रडू आलं. लपवायला खिडकी होतीच. बाहेर बघतच ते म्हणाले, "इंडिकेटर बंद कर."

लेक खो खो हसली. गाडी निघाली तेव्हा मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले, आणि उतार संपेपर्यंत खिडकीवरची धरायची कडी घट्ट धरून ठेवली.

सोमवारी पहिल्याच शिकवणीला आलेल्या नव्या बाईंनी स्टिअरिंगला हात लावण्याआधी विचारलं, "सर, ते दगडबाप तुम्हीच ना?"

खुलासा त्यांनी सकाळीच पुसून टाकला होता.

"हो, मीच," मास्तर छाती काढून म्हणाले. "समोर बघा. क्लच हळू सोडा."

आणि आपला उजवा पाय अलगद उचलून ते खिडकीबाहेर बघू लागले.