न लावलेला पट्टा

थोरलीला हल्ली दोर धरायला कोणी नको होतं. चढाईच्या त्या बंदिस्त हॉलमध्ये ती एकटीच यायची, कोणाकडे न बघता बूट बदलायची आणि थेट मागच्या भिंतीकडे चालू पडायची. तिथे माणूस लागत नाही. भिंतीच्या माथ्यावर यंत्र बसवलेलं असतं, त्याचा पट्टा खाली लोंबतो. पट्ट्याची कडी कमरेच्या हार्नेसला लावायची आणि चढायचं. जसजसं वर जावं तसतसा यंत्र पट्टा आत ओढून घेतं, आणि हात सोडला की माणसाला अलगद जमिनीवर आणून ठेवतं. यंत्र समजूत काढत नाही. आपण गावाला गेल्यावर आपल्या आईला उचलून कुठे नेऊन ठेवत नाही. या गुणासाठी थोरलीला ते फार आवडायला लागलं होतं.

पूर्वी तिचा दोर धाकटी बहीण धरायची. दोघींनी चढाई एकत्रच सुरू केली होती, आणि धाकटीने खाली दोर धरला की थोरली डोळे मिटून हात सोडायची. आता तिचं नाव काढलं तरी थोरलीचं डोकं फिरायचं.

झालं होतं असं. थोरली दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती आणि आई तिच्याकडेच राहायची. नवं मशीन शिकायला तिला दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. परत आली तर आईचा पलंग रिकामा, गादी भिंतीला उभी करून ठेवलेली, आणि स्वयंपाकघरात भाऊ आणि धाकटी पाहुण्यांसारखे अवघडून बसलेले. आईला त्यांनी वृद्धाश्रमात पोचवलं होतं.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," भाऊ म्हणाला. जणू हे न विचारण्याचं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी थोरली तिथे गेली. आई खिडकीपाशी नीट केस विंचरून बसली होती. म्हणाली, "मी बरी आहे गं इथे." हे तिला पढवलंय, अशी थोरलीची खात्रीच पटली. ती तशीच उठून आली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी हॉलवर ती कपडे बदलत असताना भावाचा आवाजी निरोप आला. "ताई, आता तरी जरा स्वतःसाठी जग." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन तिने पिशवीत भिरकावला आणि तणतणत भिंतीपाशी आली. एरवी पट्ट्याची कडी भिंतीसमोर ताणलेल्या जाड ताडपत्रीला अडकवलेली असते. कडी काढल्याशिवाय ताडपत्री बाजूला होत नाही आणि भिंतीपर्यंत जाता येत नाही. पण आधीच्या कोणीतरी ताडपत्री दुमडून ठेवली होती आणि कडी बाजूच्या खुंटीला लटकवून दिली होती. थोरलीने तिकडे पाहिलंच नाही. तिने भिंतीला हात घातला आणि चढायला लागली.

प्रत्येक पकडीगणिक ती मनात भावाला उत्तर देत होती. स्वतःसाठी जग म्हणे. आईला अंघोळ घालताना मी कोणासाठी जगत होते? तुझ्यासाठी? सणकीत माणूस चांगला चढतो. एरवी जिथे तिचा पाय हमखास सटकायचा तो वळसा तिने कधी पार केला ते तिला कळलंही नाही. शेवटची पकड हाताच्या अंतरावर आली. तिला हात लावायचा आणि मागे रेलायचं, एवढंच उरलं होतं.

"ताई, हात सोडू नकोस."

आवाज खालून आला. चढा नव्हता. पण ओळखीचा होता, आणि म्हणूनच थोरली खवळली.

"तू कशाला आलीस इथे?"

"सांगते. आधी ऐक. तुझा पट्टा लावलेला नाही. दोन्ही हातांनी धरून राहा."

थोरलीने कमरेकडे पाहिलं. हार्नेसला कडी लावलेलीच नव्हती. खाली, तिसऱ्या मजल्यावरून दिसावी तशी जमीन दिसत होती, आणि धाकटीचं वर केलेलं तोंड. तिने दोन्ही हातांची पकड घट्ट केली.

"मी येते वर," धाकटी म्हणाली.

"तू नको. दुसऱ्या कोणालाही पाठव."

"हार्नेस घातलेलं दुसरं कोणी जवळ नाही. शिव्या दे हव्या तर, पण धरून राहा."

खरंच धाकटी हार्नेस घालूनच आली होती. थोरली फोन उचलत नाही, बोलत नाही, निदान दोर तरी धरू देईल, या आशेवर. प्रशिक्षक हॉलच्या पलीकडच्या टोकाहून जाड गादी ओढत येत होता. धाकटीने शेजारचा पट्टा स्वतःला लावला, कडी दोनदा ओढून पाहिली, खुंटीवरचा थोरलीचा पट्टा काढून हार्नेसच्या बाजूला अडकवला आणि चढायला लागली.

थोरलीची बोटं उघडायला लागली होती. तिने गाल भिंतीला टेकवला. वेळ जाता जात नव्हता. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त संताप येत होता, की जीव वाचवायला हीच यावी.

धाकटी बाजूला येऊन पोचली. तिचा श्वास थोरलीच्या मानेवर लागत होता. कडी लागल्याचा आवाज झाला. "ओढून बघितली," धाकटी म्हणाली. "आता सोड."

थोरलीने सोडलं नाही. "आधी तू सोड," ती म्हणाली. धाकटी मुकाट्याने खाली गेली. मगच थोरलीने हात काढले.

खाली प्रशिक्षक पांढराफटक पडला होता. "महिनाभर तुम्ही या भिंतीला हात लावायचा नाही," एवढंच तो बोलला आणि ताडपत्री कोणी दुमडली ते शोधायला गेला. दोघी बाकावर बसल्या. थोरलीला बुटाचे बंद सुटेनात. धाकटीने सोडवायला हात पुढे केला, तो तिने झटकला.

"वाचवलंस म्हणजे मी विसरले असं समजू नकोस," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारलं नाही."

"नाही विचारलं. चुकलंच ते."

"मग?"

"मग काही नाही. आईला परत आणणार नाही मी." धाकटीचाही आवाज आता चढला. "तू रात्र रात्र जागत होतीस. तुझा जीव जायची वाट बघायची होती का आम्ही? आणि एवढी काळजी होती तर परत गेली का नाहीस तिकडे? ती रोज विचारते, थोरली का येत नाही. मी रोज खोटं सांगते."

थोरलीने बंद हिसडून सोडवले. चढाईचे बूट काढून पिशवीत कोंबले. रोजचे बूट हातात घेऊन ती अनवाणीच बाहेर पडली. दारापाशी थांबून ते पायात घातले आणि घराकडे न जाता उलट्या दिशेला वळली.

आई वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत तीन बायकांबरोबर पत्ते खेळत होती. थोरलीला पाहून तिचा चेहरा उजळला, पण हातातले पत्ते काही तिने खाली ठेवले नाहीत. "बस गं. एवढा डाव होऊ दे."

थोरली मागे खुर्ची ओढून बसली. घरी आई कधी पत्ते खेळली नव्हती. घरी खेळायला होतं कोण? ती आईच्या हातातल्या पत्त्यांकडे बघत राहिली. आईने एक चांगलं पान मुद्दाम दाबून ठेवलं होतं. कोणी पढवलेली बाई असं खेळत नाही.

डाव संपल्यावर आईने तिचा हात हातात घेतला. "हात का कापतोय तुझा?"

"चढायला गेले होते."

"एकटीच? धाकटी नव्हती?"

थोरलीचा राग अजून तसाच होता. खोटं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं.

"होती," ती म्हणाली. "तीच होती."