नाळेचा खण

मी एक जुनी पेटी आहे, फणसाच्या लाकडाची. मला सहा खण आहेत आणि प्रत्येक खणाला पितळेची एक छोटी मूठ. मांडवीतल्या एका घरात, समुद्राकडच्या खिडकीखाली माझा मुक्काम असतो. खारा वारा लागून मुठी हिरवट झाल्या आहेत, पण खण अजून एका बोटाने ओढले तरी सरकतात. मित्रांनो, मध्यंतरी तीन आठवडे माझ्या एका खणाची जागा रिकामी होती. त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

मला घडवलं गंगाराम सुताराने. तो होड्यांची डागडुजी करणारा माणूस. पन्नास वर्षांपूर्वी हरिश्चंद्र सुट्टीवर घरी आले आणि त्यांनी त्याला माझं माप दिलं. गंगारामने माप उलटसुलट पाहिलं.

"हरी, ही कबुतरांची खुराडी कुणासाठी रे?"

"कागदांसाठी, गंगारामदा. बर्फावरच्या कागदांसाठी."

"बर्फावरचे कागद! भिजतील ते," असं म्हणत त्याने काम घेतलं. होडीच्या फळ्या जोडाव्यात तसे त्याने माझे सांधे जोडले. आजवर त्यात वाळवी शिरली नाही की पाणी.

हरिश्चंद्र कोळ्याच्या घरातले. वडिलांची होडी होती, पण मुलगा शिकला आणि दूर उत्तरेत, हिमालयाच्या पायथ्याशी एका संस्थेत ग्रंथपाल झाला. तिथले लोक हिमनद्यांचा अभ्यास करत. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती इतकी सावकाश वाहते की पाहणाऱ्याला थांबलेलीच वाटावी. तिच्यावर जगात कुठेही लेख छापला गेला किंवा अहवाल लिहिला गेला, की हरिश्चंद्र त्याचं एक कार्ड करत. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावर लिहिलं आणि तो कागद कुठे ठेवला आहे, एवढं त्या कार्डावर असे. मला ते आपल्याबरोबर तिकडे घेऊन गेले होते; प्रत्येक कार्ड मग माझ्या पोटात येई.

कार्डं इंग्रजीत होती, खणांची नावं मात्र हरिश्चंद्रांनी आपल्या मनाने मराठीत लिहिली. बर्फ किती जाड आहे, हे सांगणारी कार्डं 'जाडी'त. वितळलेल्या पाण्याची 'पाणी' या खणात. डोंगरात साचणाऱ्या तळ्यांची 'तळी'त. संस्थेतले साहेब हसत, पण कार्ड मागितलं की हरिश्चंद्र मिनिटभरात काढून देत. त्यामुळे साहेबांचं हसणं तेवढ्यावरच राही.

माझ्या पोटातून मी ते शास्त्र वाढताना पाहिलं. सुरुवातीला वर्षाला वीसेक कार्डं येत. लेखक एक, फार तर दोन. पुढे आकाशातून फोटो घेणारे उपग्रह आले आणि कार्डांचा पाऊस पडला. मग बर्फावर बसणाऱ्या काजळीवर लोक लिहू लागले, तेव्हा एका रिकाम्या खणाला 'काजळी' हे नवं नाव मिळालं. एकेका लेखाला इतके लेखक, की नावं लिहिता लिहिता कार्ड संपे आणि हरिश्चंद्र ते उलटं करून मागे लिहीत. शेवटी संगणक आला. मला कोठीत ठेवलं गेलं. निवृत्तीच्या दिवशी हरिश्चंद्रांनी भेट म्हणून घड्याळ नको म्हटलं आणि मला मागून घेतलं.

घरी आल्यावर मात्र मला काही काम उरलं नाही. माझ्यावर टीव्ही ठेवला गेला, पुढे औषधांचे डबे. मी रुसले नाही. वाट पाहणं हा पेट्यांचा स्वभावच असतो.

या वर्षी त्यांची नात दिशा पुण्याहून आली. ती ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी. हिमालयातल्या हिमनद्यांवर पन्नास वर्षांत किती लिहिलं गेलं, कोणत्या विषयांवर आणि कोणी, याचा ती अभ्यास करत होती. पहिल्याच दिवशी तिने मला पुसून स्वच्छ केलं. एक खण उघडला, तर वर तिच्या पणजोबांच्या होडीचा फोटो. खणावर नाव होतं 'नाळ'. दिशाने आजीला विचारलं.

"होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात गो," मालनआजी म्हणाल्या. "मामंजींच्या होडीचं काहीतरी असेल. ठेव वर."

दिशाने तो खण जसाच्या तसा उचलून माळ्यावर, होडीचं जुनं सामान असलेल्या ट्रंकेत ठेवला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

तिच्या संगणकाने मोजणीवरच्या लेखांचा आलेख काढला. रेघ वर चढली, मग आठ वर्षं अगदी जमिनीला टेकली, मग पुन्हा चढली. दिशाने आपल्या प्रबंधाच्या प्रकरणात लिहिलं, 'एकोणीसशे एक्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी या काळात प्रत्यक्ष मोजणीचे काम जवळपास थांबले होते.' आणि आजोबांना वाचून दाखवलं.

हरिश्चंद्र आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते आरामखुर्चीत ताठ झाले.

"थांबलं होतं? दर वर्षी माणसं चढून जायची. खडकावर रंगाची खूण करायची आणि बर्फ तिथून किती मागे गेला ते टेपने मोजायची. आमच्या संस्थेतल्या नेगींच्या पायाची दोन बोटं त्या थंडीत गेली. थांबलं होतं म्हणे!"

"मग लेख कुठे आहेत, आजोबा? संगणकात एकही नाही."

"कार्डं आहेत. नाळेत बघ."

"होडीचं नाही हो. हिमनदीचं विचारतेय."

"तेच सांगतोय. नाळेत."

दिशाने आजीकडे पाहिलं. आजीने हळूच मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, "काल चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होते. होडी नि हिमालय एक झालंय आता त्यांचं. तू वाद घालू नको."

भिंत पातळ होती. हरिश्चंद्रांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी माझ्याजवळ येत, रिकाम्या जागेत हात घालत, आणि हात तसाच मागे घेत. खण माळ्यावर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं आणि आता एक वेगळीच भीती वाटत होती. आपण हे सगळं मनानेच रचलं की काय? सोमवारी दिशा ते प्रकरण पाठवणार होती. मग 'थांबले होते' हेच खरं ठरलं असतं, कागदावरही आणि घरातही.

शनिवारी सकाळी ठमाबाई मासे घेऊन आल्या. पाटी ओट्यावर टेकवून पाणी मागितलं आणि दिशाच्या संगणकात डोकावल्या.

"गो बाय, केवढा मोठा बर्फ! आमचा मेला दुपारपर्यंत टिकत नाय."

"ही हिमनदी आहे, मावशी. सरकते ती, हळूहळू."

"सरकते?" ठमाबाईंनी ओलं बोट फोटोतल्या बर्फाच्या टोकावर टेकवलं. "मग ही बघ हिची नाळ. पण मागं सरलीय. म्होरचा धोंडा बघ कसा उघडा पडलाय. भरती उतरल्यावर दिसतो तसा."

दिशा एकदम उठली. इतकी एकदम, की मालनआजींच्या हातातला तांब्या हिंदकळला.

"आजोबा! तुम्ही हिमनदीच्या टोकाला नाळ म्हणता?"

"मग काय म्हणू?" हरिश्चंद्र म्हणाले. "आमच्या घरात पुढच्या टोकाला दुसरा शब्दच नव्हता."

माळ्यावरून खण खाली आला. होडीच्या फोटोखाली त्या आठ वर्षांची एकसष्ट कार्डं होती. ते अहवाल यंत्रावर पाचदहा प्रती काढून वाटलेले, कुठल्याही मासिकात न छापलेले. म्हणून संगणकाला ते दिसलेच नव्हते. प्रत्येक कार्डावर कपाटाचा क्रमांक होता. दिशाने संस्थेला ते क्रमांक पाठवले आणि प्रकरणासाठी चार दिवसांची मुदत मागून घेतली. गुरुवारी उत्तर आलं. कोठीत गठ्ठे सापडले होते. तीन सोडून सगळे. नेगींच्या नावाचे सात.

दिशाने ते वाक्य खोडून नवं लिहिलं, 'या काळात काम चालू होते. ते छापले गेले नाही.' हरिश्चंद्रांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग मागे रेलून डोळे मिटले आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मी पाहिलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"चष्मा विसरता तेवढं पुरे आहे," मालनआजी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत बांगडे तळायला आत गेल्या.

मित्रांनो, मला धूळ पुसलेली आवडते, पण मागणं त्याचं नाही. घरातलं म्हातारं माणूस कधी भलतंच उत्तर देतंय असं वाटलं, तर ते बाजूला ठेवण्याआधी एकदा उघडून पाहा. त्यांचा शब्द कुठून आला ते विचारा. कदाचित त्याच्या आत आठ वर्षं असतील.

त्या संध्याकाळी हरिश्चंद्रांनी स्वतःच्या हाताने खण माझ्यात सरकवला. तीन आठवड्यांनी तो गंगारामच्या मापात 'टक्' करून बसला.