वास जाईपर्यंत

कुपीचं रबरी बूच – करंगळीच्या नखाएवढं, करडं, सुया टोचून टोचून मधोमध मऊ पडलेलं – तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, तरी समाधान झालं नाही म्हणून नाक जवळ नेलं. वास नव्हता. म्हणजे वायू आतच होता. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. सुटला तर माणसं नाकाला रुमाल लावून पळतात, फार सुटला तर जीवच जातो. आणि अगदी नखभर, जपून दिला तर उंदरांची दगडासारखी होत चाललेली फुप्फुसं सैल पडायला लागतात, आपल्याच शरीरावर उलटलेल्या पेशी जरा शहाण्यासारख्या वागतात... उंदरांच्या. माणसांचं अजून कुणालाच ठाऊक नाही.

तिचे जुने सर आज यायचे होते. फोनवर ‘तुझ्याकडे जरा काम होतं’ एवढं म्हणायला त्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागला होता. सरांची फुप्फुसं आखडत चालली आहेत, हे तिच्या कानावर आधीच आलं होतं, आणि ऐकल्यावर तिला वाईट वाटलं नव्हतं. बरं झालं, असंच वाटलं होतं. लख्ख. लाजसुद्धा वाटली नव्हती. ताईची कातडी ढोलासारखी ताणली गेली तेव्हा कुणाला लाज वाटली होती?

ताई... ताई माझी वेणी घालायची, इतकी करकचून की डोळे तिरके व्हायचे, आणि रडले तर वर एक धपाटा. आता तिच्या आकड्यासारख्या वळलेल्या बोटांत कंगवा राहत नाही. तोंड इतकं आवळलंय की जेवायला लहान मुलाचा चमचा लागतो. ‘तुझं ते अंड्याचं औषध कुठवर आलं गं?’ असं ती हसत विचारते – म्हणजे गाल हलत नाहीत, डोळेच हसतात. हे औषध ताईसाठीच तर सुरू केलं होतं – कातडी काय नि फुप्फुसं काय, दगड होण्याची रीत एकच – सरांच्या हाताखाली. सर विभागाचे राजे. ती व्हरांड्यात दिसली की ‘आल्या अंडेवाल्या बाई!’ म्हणायचे आणि बाकीचे मान हलवून हसायचे, राजा हसला की हसावं लागतंच. मग ताईला इस्पितळात ठेवलं, ती ताईजवळ राहिली, आणि परतली तेव्हा प्रयोग आटोपून निकालही लागला होता. उपयोग शून्य. विषय बंद.

खरं काय झालं ते फार उशिरा कळलं, सर निवृत्त झाल्यावर. प्राणिघर सांभाळणारा चहा पिता पिता सहज बोलून गेला, ‘सरांना तो वास सोसवायचा नाही ना. बाटल्या उघड्या ठेवायला सांगायचे. वास गेला की मग टोचायचं.’ वास गेला म्हणजे वायू गेला, वायू गेला म्हणजे औषध गेलं – आणि त्या बिचाऱ्या उंदरांना दिवसामागून दिवस नुसतं खारट पाणी टोचलं. तिनं या दुसऱ्या संस्थेत, या लहानशा खोलीत, पहिल्यापासून सगळं मांडलं. बुचं घट्ट लावून. आणि ती गोष्ट सरांसाठी जपून ठेवली, सुरीला धार लावून ठेवावी तशी.

सर आले ते दाराची चौकट धरून.

“जिने फार आहेत गं तुमच्याकडे.”

“लिफ्ट आहे की, मागच्या बाजूला.” हे फोनवर सांगता आलं असतं. सांगितलं नव्हतं.

ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. “डॉक्टर म्हणतात, जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं. तू अजून तेच करतेस म्हणे... आपण तर पाहिलं होतं. काही निघालं नव्हतं त्यातून.”

“आपण नाही, सर. तुम्ही.” आवाज शांत निघाला, तिला बरं वाटलं. “तुम्ही बाटल्या उघड्या ठेवायला लावल्यात, वास जाईपर्यंत. तो वास म्हणजेच औषध होतं. तुम्ही उंदरांना मिठाचं पाणी टोचलंत. आणि माझ्या ताईची बोटं तेव्हा सरळ होती.”

झालं. आता तो चेहरा पडताना बघायचा, अगदी सावकाश...

सरांनी कुपीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“म्हणजे ते औषध फसलंच नव्हतं?”

“नाही.”

“म्हणजे अजून – ” आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकले, डोळ्यांना पाणी आलं, तरी हसतच होते. “अगं, मग मी गाढव ठरलो हे किती चांगलं झालं! हे तू मला आधी नाही का सांगायचं?”

तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. इतकी वर्षं जपलेला घाव, आणि या माणसानं तो प्रसादासारखा ओंजळीत घेतला! हिंमतच कशी होते यांची आशा धरायची, माझ्यासमोर, माझ्याच खुर्चीत बसून...

“किती वर्षं लागतील?” सरांनी विचारलं.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. इतकी, की तुम्हाला पुरायची नाहीत. पहिल्या घावापेक्षा खोल जाईल असं आणि शंभर टक्के खरं. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे उत्तर तिनं ताईलाही कधी दिलेलं नाही. स्वतःलाही नाही. राग होता तोवर हा प्रश्न तिच्यापाशी फिरकलाच नव्हता. दोष सरांचा होता, तेवढं पुरत होतं. आता सर वाट बघत होते, श्वास ओढत, ताईसारखे डोळ्यांनी हसत, आणि तिला – कधी नव्हे ती – भयंकर भीती वाटली.